पित्ताची वाट अडली तर : यकृतकाठिण्य आणि आयुष्याचा अंदाज

पचनसंस्था शिकवताना आपण फळ्यावर यकृताचा तपकिरी त्रिकोण काढतो, त्याच्याखाली पित्ताशयाची हिरवी पिशवी काढतो आणि एक रेघ ओढून ती लहान आतड्याला जोडतो. 'यकृतात पित्तरस तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि मेदाच्या पचनास मदत करतो' एवढे वाक्य परीक्षेला पुरते. त्या जोडणाऱ्या रेघेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. या लेखात आपण त्या रेघेचाच विचार करणार आहोत. ही वाट अडली तर यकृताचे काय होते, किती वेळात होते, आणि अशा रोग्याचे पुढचे आयुष्य किती, हे प्रश्न आपल्यापुढे आहेत.

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. आजार कळल्यावर घरातली माणसे डॉक्टरांना पहिल्यांदा तोच विचारतात. त्याचे उत्तर बहुधा एखाद्या आकड्यात मिळते आणि तो आकडा घरभर शिक्षा सुनावल्यासारखा पसरतो. हा आकडा येतो कोठून आणि तो वाचायचा कसा, हे समजून घेण्यासाठी दहावीच्या गणितातला मध्यक पुरेसा आहे. म्हणून हा विषय जीवशास्त्राच्या शिक्षकांइतकाच गणिताच्या शिक्षकांचाही आहे.

निचऱ्याची व्यवस्था

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अकोल्याच्या डोंगरात उगम पावलेली प्रवरा खाली येते. संगमनेरजवळ आढळा आणि म्हाळुंगी तिला मिळतात, नेवाशाकडे मुळा मिळते, आणि प्रवरासंगमला ती गोदावरीत जाते. शेकडो ओहोळ, त्यांचे ओढे, ओढ्यांच्या नद्या आणि शेवटी एक मोठे पात्र असा हा क्रम आहे.

यकृतातली पित्ताची व्यवस्था अगदी अशीच असते. यकृताच्या दोन शेजारी पेशींमध्ये केसापेक्षाही बारीक फट असते. पेशी पित्त सोडतात ते या फटीत. अशा असंख्य फटींमधले पित्त बारीक नलिकांत, तेथून मोठ्या नलिकांत आणि शेवटी उजव्या व डाव्या अशा दोन नलिकांत येते. त्या दोन्ही मिळून एक मुख्य पित्तनलिका होते आणि ती आतड्यात उघडते. रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त या वाटेने खाली जाते.

पित्तात मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक, पित्ताम्ले. त्यांचे काम साबणासारखे असते. तेलाचे बारीक थेंब करून ती मेदाचे पचन सोपे करतात. दुसरी, बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर ते तयार होते. आतड्यातील जीवाणू त्याचे रूपांतर तपकिरी द्रव्यात करतात आणि त्यामुळेच विष्ठेला तिचा नेहमीचा रंग येतो. तिसरी, शरीराला नको असलेले काही पदार्थ. त्यांत जास्तीचे तांबेही आले. म्हणजे पित्त हा पाचकरस तर आहेच, शिवाय ती सांडपाण्याची वाटही आहे.

चिबड झालेली जमीन

कालव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की, पाणी भरपूर आणि निचरा नाही अशा जमिनीचे काय होते. ती चिबड होते, वर क्षार फुटतात आणि काही वर्षांत उसाचे चांगले रान पडीक पडते. येथे पाणी वाईट नसते. ते बाहेर पडत नाही, एवढेच कारण.

पित्ताची वाट अडली की यकृताचे असेच होते. पित्ताम्ले साबणासारखी आहेत हे वर सांगितलेच आहे. पेशीचे बाह्यपटल मेदाचे बनलेले असते. तुंबलेली पित्ताम्ले हे पटलच विरघळवू लागतात. पेशी मरतात. जखम भरून काढण्यासाठी शरीर तेथे चिवट तंतू विणते. पुन्हा पेशी मरतात, पुन्हा तंतू विणले जातात. उरलेल्या पेशी वाढून त्यांच्या गाठी बनतात आणि गाठींभोवती तंतूंचे पट्टे आवळले जातात. मऊ, गुळगुळीत यकृत कडक आणि गाठाळ होते. यालाच यकृतकाठिण्य किंवा सिरोसिस म्हणतात. १८१९ साली हा शब्द प्रचारात आणला तो स्टेथोस्कोपचा शोध लावणारा फ्रेंच वैद्य लायनेक याने. अशा यकृताच्या पिवळसर रंगावरून, ग्रीक भाषेतील शब्द घेऊन, त्याने हे नाव दिले.

आतड्याकडून येणारे रक्त यकृतातून जायचे असते. कडक यकृतातून ते नीट जाऊ शकत नाही. मग रक्ताचा दाब मागे वाढतो. पोटात पाणी साठते, म्हणजे जलोदर होतो. प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढते. अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची मोठी उलटी होते. आतड्यातील विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचून माणूस बरळू लागतो. सिरोसिसच्या रोग्याला धोका असतो तो या घटनांचा.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिरोसिस म्हणजे दारू हे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. दारू हे सिरोसिसचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. पण हिपॅटायटिस बी आणि सी, यकृतात साठणारी चरबी आणि अडलेले पित्त यांनीही सिरोसिस होतो. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईच्या कागदावर 'सिरोसिस' हा शब्द आला की गावात कुजबुज सुरू होते. ती थांबवण्याएवढे शास्त्र तरी शाळेतून घरी जायला हवे.

पित्ताची वाट अनेक कारणांनी अडते. पित्तखडा अडकणे, शस्त्रक्रियेनंतर नलिका आकसणे, जन्मतः नलिकेला फुगवटा असणे ही काही कारणे. अडथळा वेळेत काढला तर यकृत बरेचसे सावरते. पण दोन आजार असे आहेत की त्यांत नलिकाच नष्ट होतात. एक तान्ह्या बाळांचा आणि दुसरा मुख्यतः चाळिशीपुढच्या स्त्रियांचा. आता ते क्रमाने पाहू.

तान्ह्या बाळाचे साठ दिवस

काही बाळांच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारास सुजून बुजून जातात. असे नेमके का होते, हे अजून पूर्ण उलगडलेले नाही. हा आजार विरळ आहे. युरोपात साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एक, तर तैवानमध्ये त्याच्या दुपटी-तिपटीने तो आढळतो. उपचार न झाल्यास यकृत काही महिन्यांतच काठिण्याकडे जाते आणि बहुतेक बाळे दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात.

१९५० च्या दशकात जपानमधील सेन्दाई येथे मोरिओ कासाई या शल्यचिकित्सकाने यावर शस्त्रक्रिया शोधली. बुजलेल्या नलिका काढून टाकायच्या आणि लहान आतड्याचा एक वेढा थेट यकृताच्या खालच्या खाचेला शिवायचा. तेथे काही बारीक नलिका उघड्या असतील तर पित्त आतड्यात झिरपू लागते. ही शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक बाळांची कावीळ उतरते. जसजसे दिवस जातात तसतशी ही शक्यता घटत जाते, कारण आत तंतू विणले जातच असतात.

अडचण अशी की हे बाळ आजारी दिसत नाही. वजन चांगले असते, ते दूध पिते, हसते. त्याचे डोळे पिवळे असतात, पण नवजात बाळांना कावीळ होतेच आणि ती आपोआप जाते, असे सर्वांनाच ठाऊक असते. ते खरेही आहे. बहुतेक बाळांची कावीळ दोन आठवड्यांत ओसरते. म्हणून दोन आठवड्यांनंतरही टिकणाऱ्या काविळीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. अशा वेळी रक्तातील बिलिरुबिन नुसते मोजून भागत नाही. त्यातले यकृताने प्रक्रिया केलेले, म्हणजे 'डायरेक्ट' बिलिरुबिन किती, हे पाहावे लागते. ते वाढले असेल तर वाट अडल्याचा संशय येतो.

याहून सोपी खूण आईच्या हातात असते, ती म्हणजे दुपट्यावरची शी. पित्त आतड्यात पोचत असेल तर शी पिवळी, हिरवी किंवा तपकिरी असते. पित्त पोचत नसेल तर ती खडूसारखी पांढरट, राखाडी किंवा फिकट लोण्यासारखी होते. त्याच वेळी लघवी गडद पिवळी होऊन दुपट्यावर डाग पाडते, कारण अडलेले रंगद्रव्य रक्तात जाऊन मूत्रपिंडातून बाहेर पडते. जेथे रंग हवा तेथे तो नाही आणि जेथे नको तेथे आहे. एवढे निरीक्षण करायला प्रयोगशाळा लागत नाही.

तैवानने याच निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम केला. बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचे छापील कार्ड घातले गेले आणि २००४ पासून ते देशभर प्रत्येक बाळासाठी वापरात आले. काही चित्रे नेहमीच्या रंगांची, काही धोक्याच्या रंगांची. आईने फक्त जुळवून पाहायचे. कार्ड येण्यापूर्वी या आजाराच्या शंभरपैकी सुमारे ५६ बाळे पाच वर्षे जगत. कार्डानंतरच्या काळात हा आकडा ८९ च्या आसपास गेला. या फरकाचे सगळे श्रेय कार्डाला देता येणार नाही, कारण मधल्या काळात शस्त्रक्रिया आणि यकृतरोपणही सुधारले होते. पण साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचे प्रमाण कार्डानंतर वाढले, हे नोंदवले गेले आहे.

आपल्याकडे हे कोण करू शकेल? आमच्या मते याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. फारशा न शिकलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. काय पाहायचे आणि कधी पुढे पाठवायचे हे कळले, तर गावातली बाई डॉक्टरांचे डोळे होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. आज देशभरातील आशाताई त्याच धर्तीवर घरभेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. दीड महिन्याची लसही याच सुमारास असते.

आता साठ हा आकडा आठवा. चौदाव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या चार भेटी नेमक्या त्या मुदतीच्या आत पडतात. प्रत्येक भेटीत 'बाळाची शी कोणत्या रंगाची आहे?' एवढा एक प्रश्न विचारला, तर दूरच्या वाडीवरचे बाळही वेळेत शस्त्रक्रियेपर्यंत पोचू शकते.

'कावीळ उतरवणे' आणि हातचे दिवस

कावीळ म्हटली की आपल्याकडे अजूनही माळ घालणारा, मंत्र टाकणारा किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवणारा माणूस शोधला जातो. आणि 'आमच्या भावाची कावीळ त्यानेच उतरवली' असे सांगणाराही भेटतो. तो खोटे बोलत नसतो. दूषित पाण्यातून येणारी विषाणूंची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी होते, न घातली तरी होते. जे आपोआप बरे होणारच आहे, त्याचे श्रेय त्या वेळी जे केले असेल त्याला मिळते.

वाट अडल्याने झालेली कावीळ मात्र आपोआप जात नाही. तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात ठेवल्याने बुजलेली नलिका उघडत नाही. येथे उपायाने थेट अपाय झाला नाही तरी दिवस जातात, आणि या आजारात दिवसांनाच सगळी किंमत आहे.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी अनेक मुलांच्या यकृतात काठिण्य हळूहळू वाढत राहते आणि त्यांतील बऱ्याच जणांना पुढे यकृतरोपण लागते. भारतातील पहिले यशस्वी बाल-यकृतरोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झाले, ते याच आजाराच्या मुलावर. तो तमिळनाडूतील कांचीपुरमचा, तेव्हा वीस महिन्यांचा होता. वडिलांच्या यकृताचा एक भाग त्याला देण्यात आला. यकृताचा उरलेला भाग पुन्हा वाढतो, म्हणून असे दान शक्य होते. तो मुलगा पुढे शिकून स्वतः डॉक्टर झाला. रोपणाचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि त्यानंतर औषधे जन्मभर घ्यावी लागतात, हेही सांगायला हवे. पण चांगल्या केंद्रांत रोपणानंतर पाच वर्षांनी दहापैकी आठ किंवा अधिक मुले जिवंत असतात. दोन वर्षांच्या आत बहुधा मृत्यू, अशी ज्या आजाराची ओळख होती, त्याची ही आजची स्थिती आहे.

चाळिशीनंतरची खाज

दुसरा आजार अगदी संथ गतीचा. यात शरीराची प्रतिकारसंस्था यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवरच हल्ला करते. दहातील नऊ रोगी स्त्रिया असतात, बहुधा चाळिशी ओलांडलेल्या. सुरुवातीला कावीळ नसते. असतो तो थकवा आणि अंगभर खाज. पुरळ काहीच दिसत नाही. खाज म्हणून त्वचेची मलमे लावली जातात, थकवा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि वर्षे निघून जातात. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढलेले असते, आणि १९६५ साली सापडलेले एक विशिष्ट प्रतिपिंड दहापैकी नऊहून अधिक रोग्यांत आढळते. या दोन तपासण्यांवर बहुधा निदान होते.

या आजाराचे जुने नाव 'प्रायमरी बिलिअरी सिरोसिस' असे होते. २०१५ साली त्यातला 'सिरोसिस' शब्द काढून त्याजागी नलिकांचा दाह अशा अर्थाचा 'कोलँजायटिस' हा शब्द घालण्यात आला. यात रोग्यांचाच आग्रह होता. निदान होताना बहुतेकांना सिरोसिस झालेला नसतो, मग नावातच तो कशाला? त्या शब्दामुळे दारूचा संशय येई तो वेगळाच.

नाव बदलण्याआधी भवितव्यही बदलले होते. याला कारण अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध. अस्वलाच्या पित्तात ते भरपूर असते आणि अस्वलाच्या 'अर्सस' या लॅटिन नावावरून त्याला हे नाव मिळाले. आज ते कारखान्यात तयार होते. हेही एक पित्ताम्लच आहे, पण अगदी सौम्य. कडक साबणाच्या जागी मऊ साबण यावा, तसे ते इतर पित्ताम्लांचा जाच कमी करते आणि पित्ताचा प्रवाह वाढवते. १९८७ साली फ्रान्समधील पूपाँ आणि सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग दाखवला. आजार लवकर सापडला आणि औषध लागू पडले, तर अशा रोग्यांचे आयुष्य बरोबरीच्या इतर माणसांच्या जवळपास असते. सर्वांनाच ते पुरेसे लागू पडत नाही. अशांसाठी २०२४ साली अमेरिकेत दोन नव्या औषधांना मान्यता मिळाली. आणि काठिण्य फारच पुढे गेले तर यकृतरोपण हा मार्ग आहेच.

तांबे : कारण की परिणाम?

आपल्या महाराष्ट्रातली एक हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. एके काळी भारतात लहान मुलांमध्ये एक भयंकर सिरोसिस दिसे. सहा महिने ते पाच वर्षांची मुले, पोट फुगलेले, यकृत दगडासारखे. लक्षणे पूर्ण दिसू लागल्यावर मूल काही महिन्यांत जाई. एकाच घरात दोन-तीन मुले दगावत, म्हणून तो आनुवंशिक समजला जाई. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात वेगळाच प्रश्न विचारला : या मुलांचे दूध कोणत्या भांड्यात तापवतात? उत्तर आले, बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या. दुधातले प्रथिन तांबे धरून ठेवते. तान्ह्या वयात ते तांबे पित्तातून पुरेसे बाहेर पडत नाही आणि यकृतात साठते. घराघरांत स्टीलची भांडी आली आणि हा आजार १९९० च्या दशकापर्यंत फार विरळ झाला. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध लवकर दिले, तर काही मुले वाचू लागली.

आता गंमत पाहा. वर सांगितलेल्या स्त्रियांच्या आजारातही यकृतात तांबे साठलेले आढळते. मग त्यांनाही पेनिसिलामाइन द्यावे, असे वाटणे साहजिक होते. अमेरिकेत तशी रीतसर चाचणी झाली. १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : काहीच फायदा नाही. का बरे? मुलांच्या आजारात तांबे हे कारण होते. येथे ते परिणाम होते. वाट अडली म्हणून तांबे तुंबले. परिणाम पुसून कारण नाहीसे होत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे नसते, हे विद्यार्थ्यांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

अंदाज कसा बांधतात

सिरोसिसच्या रोग्याच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असतो की, जलोदर, रक्ताची उलटी, बरळणे, कावीळ यांपैकी काही घडले आहे का? घडले नसेल तर सिरोसिसचे रोगी साधारणपणे बारा वर्षांहून अधिक जगलेले दिसतात. घडले असेल तर हाच आकडा दोन वर्षांच्या आसपास येतो. 'सिरोसिस आहे' एवढे सांगून काहीच कळत नाही, ते यामुळे.

याहून बारीक अंदाजासाठी गुणपत्रक वापरतात. चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ साली ते सुचवले आणि पुढे १९७३ साली पू यांनी ते सुधारले. बिलिरुबिन, रक्तातील अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, जलोदर आणि मेंदूची अवस्था या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण द्यायचे. येथे कमी गुण म्हणजे चांगले. ५–६ गुण 'ए' गट, ७–९ 'बी' गट, १०–१५ 'सी' गट. ढोबळमानाने एक वर्षानंतर 'ए' गटातील जवळजवळ सर्व, 'बी' गटातील शंभरपैकी ८० आणि 'सी' गटातील ४५ जण जिवंत असतात.

यात एक मार्मिक बारकावा आहे. इतर सिरोसिसमध्ये बिलिरुबिन ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की तीन गुण मिळतात. पित्तनलिकांच्या आजारात मात्र ही सीमा १० ला ठेवली आहे. कारण उघड आहे. येथे कारखाना चालू असतानाही वाट अडल्यामुळे बिलिरुबिन वाढते. आकडा तोच, पण त्याचा अर्थ आजार पाहून लावायचा. अर्थात नलिकांच्या आजारात बिलिरुबिन चढत राहणे ही गंभीर खूण आहेच. औषध येण्यापूर्वीच्या काळातील, १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिलिरुबिन सतत २ च्या वर राहिलेले रोगी सरासरी सुमारे चार वर्षे, ६ च्या वरचे दोन वर्षे आणि १० च्या वरचे जेमतेम दीड वर्ष जगले होते. रोपणाचा विचार कधी सुरू करायचा, हे ठरवायला अशा आकड्यांचा फार उपयोग झाला.

मध्यक म्हणजे मुदत नव्हे

आता गणिताचा तास. समजा, एका आजाराचे नऊ काल्पनिक रोगी निदानानंतर पुढीलप्रमाणे वर्षे जगले : १, २, २, ३, ५, ८, १२, १७, २२. बेरीज ७२, म्हणून सरासरी ८ वर्षे. मधला, म्हणजे पाचवा आकडा ५, म्हणून मध्यक ५ वर्षे. डॉक्टर बहुधा मध्यक सांगतात. 'पाच वर्षे' याचा अर्थ अर्धे रोगी त्याआधी जातात आणि अर्धे त्यानंतरही जगतात. पाचव्या वर्षी दिवा विझतो, असा त्याचा अर्थ नाही. आपल्या नऊ जणांत बरोबर पाच वर्षे जगलेला फक्त एक आहे.

दुसरा प्रश्न. एखादी बाई निदानानंतर तीन वर्षे ओलांडून आली आहे. तिची आता पाचातली दोनच वर्षे उरली का? तीन वर्षांपुढे गेलेले रोगी पाहा : ५, ८, १२, १७, २२. यांचा मध्यक १२. म्हणजे तिच्यासारख्यांच्या बाबतीत निदानापासूनचा मध्यक पाचाचा बारा झाला. वजाबाकी करणारे घरचे लोक येथेच चुकतात.

तिसरा प्रश्न. निदान लवकर झाले तर आयुष्य वाढते का? या स्त्रियांच्या आजारात, जुन्या नोंदींनुसार, खाज-थकवा सुरू झाल्यावर सापडलेल्या रोग्यांचा मध्यक साडेसात वर्षांच्या आसपास, तर लक्षणांपूर्वीच रक्ततपासणीत सापडलेल्यांचा सोळा वर्षांच्या आसपास होता. हा फरक पूर्णपणे खरा मानता येत नाही. नगरहून पुण्याकडे निघालेल्या गाडीतला प्रवास शिरूरपासून मोजला तर कमी भरतो आणि नगरपासून मोजला तर जास्त. त्यामुळे पुणे दूर जात नाही. लवकर निदानाचा खरा फायदा तेव्हाच, जेव्हा लवकर सुरू केलेला उपचार आजाराची गती बदलतो. बाळांच्या शस्त्रक्रियेत आणि स्त्रियांच्या औषधात तो ती बदलतो, म्हणूनच या दोन्ही ठिकाणी लवकर ओळखण्याचा आग्रह धरायचा.

चौथी गोष्ट, आजचे आकडे कालच्या रोग्यांवरून काढलेले असतात. बावीस वर्षे जगलेला माणूस बावीस वर्षांपूर्वीचे उपचार घेऊन निघालेला असतो. विज्ञानलेखक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली एक दुर्धर कर्करोग झाला, तेव्हा त्याचा मध्यक आठ महिने होता. मध्यकाचा अर्थ काय आणि काय नाही, यावर त्यांनी पुढे एक सुरेख निबंध लिहिला, आणि ते २००२ पर्यंत जगले. सगळ्यांचेच असे होते असे नाही. पण आकड्याच्या उजव्या बाजूलाही माणसे असतात, हे त्यांनी दाखवून दिले.

शाळेत काय करता येईल?

वरची नऊ आकड्यांची यादी फळ्यावर लिहून मध्य आणि मध्यक काढायला सांगा. मग शेवटचे दोन रोगी अजून जिवंत आहेत असे समजा आणि विचारा, आता सरासरी काढता येईल का? येणार नाही. मध्यक? तो येतोच. असे का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. विज्ञानाच्या तासाला एका ग्लासात नुसते पाणी व तेल आणि दुसऱ्यात पाणी, तेल व साबण घालून ढवळा. पित्ताचे काम एका मिनिटात डोळ्यांना दिसेल.

आणि वर्गातल्या मुलामुलींना घरी नेण्यासाठी तीन वाक्ये वहीत लिहू द्या. दोन आठवड्यांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील तर डॉक्टरांना दाखवावे. शी पांढरट आणि लघवी गडद असेल तर एक दिवसही थांबू नये. मोठ्या माणसाला पुरळाशिवाय अंगभर खाज बरेच दिवस राहिली तर यकृताची रक्ततपासणी करावी. मुलांच्या घरी, शेजारी, मामाच्या गावी कोठेतरी तान्हे बाळ असतेच. त्यातल्या एखाद्यासाठी ही तीन वाक्ये साठ दिवसांच्या आत पोचतील.